साध्या इंजिनास टर्बोची जोड नको

काळ्या, चिकण जमिनीत उन्हाळी नांगरट करताना जुना ट्रॅक्टर दमतो व काळा धूर ओकू लागतो. अशा वेळी त्याच्या साध्या इंजिनास बाहेरून टर्बोचार्जर बसवून ताकद वाढवावी, असा मोह होणे स्वाभाविक आहे. परंतु हा मार्ग शेतकऱ्याच्या हिताचा नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

एक किलो डिझेल पूर्णपणे जळण्यास सुमारे १४.५ किलो हवा लागते. साधे इंजिन सिलिंडरात मावेल तेवढीच हवा ओढते. बुलढाणा शहर समुद्रसपाटीपासून ६०० मीटरांहून अधिक उंचीवर असल्याने तेथील हवा पाच-सहा टक्के विरळ असते. वैशाखातील उन्हाने ती अधिकच विरळ होते. इंजिनास अधिक हवा पुरविण्याची युक्ती स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ साली मांडली. वाया जाणाऱ्या धुराच्या जोरावर चक्र फिरवून हवा दाबाने इंजिनात भरावयाची, हेच टर्बोचार्जरचे कार्य होय.

तथापि ताकद वाढवावयाची तर हवेबरोबर डिझेलही वाढवावे लागते, आणि मग सिलिंडरातील दाब व उष्णता वाढते. कारखान्यातूनच टर्बोसह आलेल्या इंजिनाचे पिस्टन, बेअरिंग, वंगणाचा पुरवठा व थंड ठेवण्याची व्यवस्था त्या बेताने केलेली असते. साध्या इंजिनात तशी सोय नसते. गॅस्केट उडते, पिस्टन वितळतो. क्लच व गिअरपेटीवरही ताण पडतो. कोणी म्हणेल, अमुक गावी असा ट्रॅक्टर चालतो. चालेलही, पण किती हंगाम? ऐन पेरणीत तो बंद पडला, तर मृगाचा वाफसा थांबत नाही आणि कर्जाचा हप्ताही थांबत नाही.

म्हणून ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी प्रथम साधे उपाय सुचवावेत. एअर क्लीनर धुळीच्या दिवसांत रोज पाहावा. डिझेल फिल्टर वेळेवर बदलावा, नोझल तपासून घ्यावेत. टायर घसरत असल्यास वजन लावावे, नांगराची खोली कमी करावी. एवढ्यानेही भागले नाही, तर खोल नांगरटीपुरता मोठा ट्रॅक्टर भाड्याने आणावा. तो टर्बोचा असल्यास काम संपताच बंद करू नये. दोन-तीन मिनिटे मंद चालू ठेवावा, म्हणजे तापलेल्या चक्रास वंगण मिळत राहते.

इंजिनास आधी त्याच्या हक्काची स्वच्छ हवा मिळू द्यावी. गेलेली ताकद पुष्कळदा तेवढ्यानेच परत येते.