दयेचें पार्श्वसंगीत

अनुबोधपटास संगीत देणारांपैकीं पुष्कळांचा असा समज दिसतो कीं, चित्राचा विषय लोकरूढीहून निराळा असला म्हणजे प्रेक्षकांस त्याची कींव आणून देणें हेंच आपलें कर्तव्य होय. पडद्यावर अंध आला कीं सारंगी विव्हळूं लागते. वेडा आला कीं सूर वेडेवांकडे होतात. हा आम्हांस केवळ अरसिकपणा वाटत नाहीं. हा अन्याय आहे. ज्या मनुष्याची ओळख करून द्यावयाची, त्यानें तोंड उघडण्यापूर्वींच त्याच्यावर निकाल देण्याचा अधिकार वाद्यवृंदास कोणीं दिला?

सत्यजित राय यांचा १९७२ सालचा 'दि इनर आय' हा सुमारें वीस मिनिटांचा अनुबोधपट या दृष्टीनें पाहण्याजोगा आहे. त्याचा विषय चित्रकार विनोदबिहारी मुखर्जी. शांतिनिकेतनांतील कलाभवनांत ते शिकवीत. १९४० सालीं तेथें गेलेले राय त्यांचेच विद्यार्थी. जन्मापासून अधू असलेली त्यांची दृष्टि पन्नाशी उलटल्यावर साफ गेली. परंतु काम थांबलें नाहीं. बोटांनीं चांचपून त्यांनीं आकृति घडविल्या, कागद कातरून चित्रें केलीं. अशा पुरुषापुढें रडकें संगीत वाजविणें म्हणजे कर्त्या माणसाच्या हातांत भिक्षापात्र देणेंच नव्हे काय? राय यांनीं तसें केलें नाहीं. अखेरीस त्यांनीं निखिल बॅनर्जी यांच्या सतारीवरील आसावरी योजिली आहे. आसावरी ही दिवसाच्या दुसऱ्या प्रहराची. ऊन चांगलें वर आलेलें असावें तेव्हांची. अंधाच्या चित्रपटास रात्रीचा राग शोधीत बसण्याचा सोपा मार्ग येथें टाळलेला आहे.

आसावरींतही करुणा आहेच, असा आक्षेप कोणी घेईल. आहे, पण ती रागाची स्वतःची आहे, चित्रकारावर लादलेली नव्हे. येथें एक कला दुसरीस नमस्कार करते, दान घालीत नाहीं.

भावना चेतविल्यावांचून प्रेक्षक पेंगतील, असें दुसरे म्हणतील. त्यांनीं आलँ रेने यांचा नाझी छळछावण्यांवरील १९५५ सालचा 'नाइट अँड फॉग' पाहावा. तेथें दृश्यें अतिभयंकर होत असतां हान्स आइस्लर यांचें संगीत आक्रोश करीत नाहीं. तें संयतच राहतें. तें पाहून कोणास झोंप येत असेल, तर दोष संगीताचा खास नव्हे.

आमचें मागणें एवढेंच कीं, संगीतकारानें सूर बांधण्यापूर्वीं स्वतःस एक प्रश्न विचारावा: ज्याच्यावर हें चित्र काढलें तोच समोर बसून ऐकूं लागला, तर त्याची मान खालीं जाईल काय? विनोदबिहारींच्या बाबतींत हा प्रश्न काल्पनिक नव्हता. स्वतःवरील चित्रपट त्यांस दिसणें शक्यच नव्हतें. जें कांहीं पोंचावयाचें, तें कानांवाटेंच पोंचावयाचें होतें.