आपल्याच माणसांची उलटतपासणी

मॉर्मन म्हटलं की शेरलॉक होम्स वाचलेल्या मराठी माणसाला यूटाचं वाळवंट आणि अनेक बायका करणारे दाढीवाले पुरुष आठवतात. ही चित्रं रंगवणारी होम्सची कादंबरी १८८७ ची. त्यानंतर तीनच वर्षांनी चर्चने बहुपत्नीत्व सोडल्याचं जाहीर केलं. आजचा मॉर्मन शेजारी दारू-सिगारेट तर सोडाच, चहा-कॉफीलाही शिवत नाही, मिळकतीचा दहावा हिस्सा चर्चला देतो आणि नव्याने राहायला आलेल्यांच्या दारात घरी भाजलेला पाव घेऊन उभा राहतो. लीहाय-प्रोव्होच्या पट्ट्यात सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी गेलेली मराठी कुटुंबं त्याच्याविषयी सहसा चांगलंच बोलतात. (त्याला स्वतःला मात्र ‘मॉर्मन’ म्हटलेलं आता फारसं रुचत नाही. २०१८ पासून ‘चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ हे पूर्ण नाव घेण्याचा आग्रह आहे.) पण अशा सालस घरातल्या एखाद्या मुलाचा किंवा सुनेचा विश्वास उडाला की त्याच घरात भोचक प्रश्नांचा ससेमिरा सुरू होतो, आणि तो वर्षानुवर्षं थांबत नाही.

विश्वास का उडतो, यावर पुस्तकंच्या पुस्तकं लिहिली गेली आहेत. अलीकडे निमित्त बरेचदा चर्चनेच पुरवलेलं असतं. २०१३ ते २०१५ या काळात चर्चने स्वतःच्या संकेतस्थळावर इतिहासातल्या अडचणीच्या विषयांवर निबंध प्रसिद्ध केले. संस्थापक जोसेफ स्मिथ यांनी अनेक विवाह केले आणि त्यांतली एक मुलगी पंधराव्या वाढदिवसाला काही महिने बाकी असताना त्यांच्याशी बांधली गेली, हे त्यांत मान्य केलेलं आहे. ज्यांना लहानपणापासून ही शत्रूंनी उठवलेली कंडी म्हणून सांगितली गेली होती, त्यांच्या पायाखालची वाळू सरकली. कुणाचं कारण हे असतं, कुणाचं अगदी वेगळं.

नातेवाइकांचे प्रश्न येतात कुठून, हे नीट समजलं नाही तर त्यांना तोंड देणं जमत नाही. मॉर्मन मुलाचा बाप्तिस्मा आठव्या वर्षी होतो, आणि त्याआधी बिशप त्याला समोर बसवून काही प्रश्न विचारतो. बाराव्या वर्षाच्या आसपास नियमित मुलाखती सुरू होतात. धर्मप्रसाराच्या मिशनवर जाताना मुलाखत, मंदिरातल्या लग्नाआधी मुलाखत, आणि पुढे दर दोन वर्षांनी मंदिरप्रवेशाचा परवाना म्हणजे टेम्पल रेकमेंड नवा करून घेताना मुलाखत. बिशप हा पगारी धर्मगुरू नसतो. तो मागच्या गल्लीतला दातांचा डॉक्टर नाही तर विमा एजंट असतो आणि काही वर्षं ही जबाबदारी सांभाळतो. चर्चच्या इमारतीतल्या छोट्या खोलीत दार लावून समोरासमोर बसायचं आणि ठरलेल्या प्रश्नांना ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणायचं. देवावर विश्वास आहे का, चर्चच्या अध्यक्षांना संदेष्टा मानता का, दशमांश पूर्ण देता का, शील पाळता का, चहा-कॉफी, दारू आणि तंबाखू वर्ज्य केलंत का, मंदिरात दिलेलं अंतर्वस्त्र म्हणजे गारमेंट नेमाने घालता का. शेवटी आपण मंदिरात जायला पात्र आहोत की नाही, तेही आपणच सांगायचं. बिशपनंतर त्याच्या वरच्या अधिकाऱ्यासमोर, म्हणजे स्टेक प्रेसिडेंटसमोर, तेच सगळं पुन्हा. यात गुपित काही नाही. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये चर्चच्या अध्यक्षांनी ही प्रश्नावली व्यासपीठावरून वाचून दाखवली होती. मुलांना बंद खोलीत एकट्याने असे प्रश्न विचारू नयेत म्हणून चळवळ करणारे ह्यूस्टनकडचे माजी बिशप सॅम यंग २०१८ मध्ये बहिष्कृत झाले. पालकाला किंवा दुसऱ्या मोठ्या माणसाला सोबत बसू देण्याची मुभा त्याच वर्षी आली.

ज्या समाजाला हे वळण लागलं आहे तिथे सासऱ्यांनी जेवता जेवता ‘दशमांश चालू आहे ना?’ असं विचारलं तर त्यांना तो आगाऊपणा वाटत नाही. आपल्याकडच्या ‘पगार किती? पाळणा कधी?’पेक्षा हे प्रकरण निराळं आहे. आपल्या मावश्यांच्या चौकशीमागे कुठली प्रश्नावली नसते, आणि उत्तर चुकलं तर पुढच्या जन्मीची भेट रद्द होत नाही. शिवाय ज्याला विचारलं जातं तोही त्याच मुलाखतींत वाढलेला असतो. अधिकाराच्या सुरात प्रश्न आला की खरं-खोटं काहीतरी उत्तर द्यायचंच असतं, हे त्याच्या अंगात भिनलेलं असतं. माझ्या मते खरा धोका विचारणाऱ्यापेक्षा या सवयीत आहे. ‘हो’ म्हटलं तरी आणि ‘नाही’ म्हटलं तरी आपली पात्रता तपासायचा समोरच्याचा अधिकार आपण मान्य केलेला असतो. मग पुढचा प्रश्न येतोच.

प्रोव्होतल्या एखाद्या घरचं रविवारचं जेवण डोळ्यांसमोर आणा. सकाळपासून मंद आचेवर शिजलेलं मांस, वर कॉर्नफ्लेक्सचा कुरकुरीत थर दिलेली चीजबटाट्याची डिश, थरथरणारी हिरवी जेली. आत्या दारातच मिठी मारते आणि तिचा तळहात पाठीवर जरा जास्त वेळ रेंगाळतो. शर्टाखाली गारमेंटची शिवण लागते का, हे बोटं चाचपत असतात. ती लागत नाही. जेवणभर कुणी अवाक्षर काढत नाही. भांडी घासताना मात्र आत्या हळूच विचारते, ‘सगळं ठीक आहे ना रे? मंदिरात गेला होतास का इतक्यात?’ तिला उत्तर आधीच मिळालेलं आहे. आता तिला कबुली हवी आहे.

ही कबुली आत्यापाशी राहत नाही. बिशपसमोर दिलेली कबुली तरी त्याने गुप्त ठेवायची असते. भांडी घासताना बोललेल्याला तसलं कुंपण नाही. आत्या आईच्या कानावर घालते, आई काळजीपोटी स्वतःच्या बिशपशी बोलते, आणि वॉर्ड कौन्सिल, म्हणजे तिथल्या मंडळाच्या पदाधिकाऱ्यांची बैठक, तर कुणाला आधाराची गरज आहे हे बोलण्यासाठीच भरते. एखाद्या शनिवारी दोन हसतमुख गृहस्थ बिस्किटं घेऊन दारात उभे राहतात. मंदिरातल्या प्रार्थनेच्या यादीत आपलं नाव गेल्याचं तिसऱ्याच माणसाकडून कळतं. यात कुणाचाही कावा नसतो, आणि म्हणूनच रागावायचं कुणावर तेही कळत नाही. एका नातेवाइकाला सांगितलेलं सगळ्यांना सांगितल्यासारखंच आहे, असं धरूनच बोलावं.

काहींच्या बाबतीत हा सावधपणा पोटापाण्याशी येऊन भिडतो. प्रोव्होच्या ब्रिगम यंग विद्यापीठात शिकणाऱ्याला आपल्या बिशपची शिफारस ठरावीक मुदतीने नव्याने मिळवावी लागते. ती हुकली तर शिक्षणच अडतं. चर्चच्या संस्थांत नोकरी करणाऱ्या सभासदांना रेकमेंडच्या निकषांवर उतरावं लागतं. आई-बापांच्या छपराखाली राहणाऱ्या सतरा वर्षांच्या पोराची गोष्ट तर वेगळी सांगायलाच नको. अशांना ‘प्रामाणिकपणे सगळं सांगून मोकळा हो’ असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. पदवी त्यांची जाणार नसते. आधी पदवी हातात घ्यावी, दुसरी नोकरी बघावी, मग बोलावं. तोवर वेळ मारून नेण्याला मी भित्रेपणा म्हणणार नाही.

याच्या उलट टोकाची चूक फार मोठ्या प्रमाणावर होते. विश्वास उडालेला माणूस महिनोन्‌महिने रात्री जागून वाचत असतो. आपल्याला जे कळलं ते घरच्यांना कळलं की तेही समजतील, अशी त्याची भाबडी समजूत असते. जेरेमी रनेल्स यांनी २०१३ मध्ये चर्चच्या एका शिक्षण-अधिकाऱ्याला उद्देशून प्रश्नांचं लांबलचक पत्र लिहिलं. ‘सीईएस लेटर’ म्हणून ते गाजलं. आईने ‘नेमकं काय झालं?’ एवढंच विचारावं आणि मुलाने मध्यरात्री तिला ते अख्खं पत्र पाठवून द्यावं, असं अनेक घरांत घडतं. त्याला वाटतं, आपण उत्तर दिलं. तिच्या डोळ्यांसमोर मात्र १८५६ साली हातगाड्या ओढत मैदानं तुडवणारे आपले पूर्वज येतात. त्या साली विली आणि मार्टिन यांच्या तांड्यांना वाटेत बर्फाने गाठलं आणि दोनशेहून अधिक माणसं दगावली. यूटातल्या कित्येक घरांत त्या वाटेने आलेल्या खापरपणज्यांच्या तसबिरी दिवाणखान्यात लावलेल्या असतात. मुलाच्या पत्रातून आईला ऐकू येतं ते एवढंच, की वाटेत दगावलेली ती माणसं थापेपायी मेली. यानंतर पुरावा कितीही भक्कम असला तरी तो कोण वाचणार? शिवाय असं पत्र पाठवणाऱ्याने वादाचं आमंत्रणच दिलेलं असतं. काका खंडनाची पुस्तकं पाठवणार, मेहुणा परिच्छेदवार उत्तर लिहिणार, आणि जी गोष्ट चर्चेला ठेवायचीच नव्हती ती घरातला कायमचा विषय होऊन बसणार.

बरं, कारण सांगितलं नाही तरी पंचाईत आहेच, कारण तयार कारणं आधीच ठेवणीत असतात. कुणीतरी दुखावलं असेल, पाप करायची हौस आली असेल, आळस असेल. या गृहीतकाला खुद्द डीटर उख्तडॉर्फ यांनी, चर्चच्या सर्वोच्च तिघांपैकी एक असताना, चर्चच्या २०१३ च्या ऑक्टोबर परिषदेत छेद दिला होता. सोडून जाणाऱ्यांची कारणं इतकी सोपी नसतात, आणि चर्चच्या नेत्यांच्या हातूनही चुका झाल्या आहेत, असं ते व्यासपीठावरून बोलले. श्रद्धाळू नातेवाइकाला माजी सभासदांचं साहित्य दाखवण्यापेक्षा हे भाषण वाचायला देणं शहाणपणाचं. शब्द त्याच्याच घरचे असल्यामुळे त्याला लगेच ढाल पुढे करावी लागत नाही. पुढे २०२१ मध्ये दुसऱ्या एका नेत्याने, म्हणजे त्यावेळचे अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी, शंका इतर शंकेखोरांबरोबर घोळवत बसू नका असं बजावलं, हेही ध्यानात ठेवलेलं बरं. आपल्याशी बोलताना आई अचानक का आखडते, याचा थोडा उलगडा त्यातून होतो.

मंदिराच्या जुन्या प्रश्नावलीत आणखी एक गोम होती. चर्चच्या विरोधी शिकवण असलेल्या गटाशी किंवा व्यक्तीशी तुमचा संबंध आहे का, अशा अर्थाचा प्रश्न तीत असे. रोख होता बहुपत्नीत्व न सोडलेल्या फुटीर पंथांवर, पण हळव्या आईच्या मनात पाल चुकचुकायची: माझा मुलगा त्यात येतो का? २०१९ च्या यादीत हा प्रश्न केवळ विरोधी शिकवणीला पाठिंबा देण्यापुरता उरला. तरी वीस-तीस वर्षं जुना प्रश्न ऐकलेल्या माणसांच्या मनातून तो सहजी पुसला जात नाही.

‘मग आपण सगळे वरती एकत्र असावं असं तुला वाटत नाही का?’ या प्रश्नापुढे भलेभले गारद होतात. मंदिरात ‘सील’ झालेलं कुटुंब मृत्यूनंतरही एक राहतं, हा या धर्माचा गाभा आहे. मुलाने अविश्वास दाखवला की आईच्या हिशेबी तो फक्त चर्च सोडत नाही, अनंतकाळच्या पंगतीतलं आपलं पान रिकामं ठेवतो. त्यात भर म्हणून ऑर्सन व्हिटनी या प्रेषिताने १९२९ च्या परिषदेत आई-बापांना दिलासा दिला होता, की सील झालेल्या पालकांची भरकटलेली लेकरं कधी ना कधी परततील. हा दिलासा आजही शेकडो घरांत बोलून दाखवला जातो. प्रश्न का संपत नाहीत, याचं उत्तर मला तरी इथे सापडतं. परतीची आशा जिवंत असेपर्यंत विचारणं सोडणं म्हणजे आईच्या दृष्टीने मुलालाच सोडणं.

म्हणून ‘तुला वाटत नाही का?’ला ‘मला स्वर्गच मान्य नाही’ हे उत्तर तर्काला धरून असलं तरी गैरलागू आहे. विचारलेलं असतं प्रेमाबद्दल आणि उत्तर दिलं जातं तत्त्वज्ञानाचं. ‘तुमच्याबरोबर राहायला मला आवडतं, म्हणून तर दर रविवारी येतो’ हे उत्तर खरं आहे, आणि त्यात श्रद्धेबद्दल होय-नाही काहीच नाही. तशीच सरळ वाक्यं इतर प्रश्नांसाठीही आधीच ठरवून ठेवावीत, कारण ऐनवेळी जुनी सवय तोंडातून बोलते. ‘कपड्यांबद्दल आणि पैशांबद्दल मी कुणाशीच बोलत नाही, आत्या. बाकी काहीही विचार.’ वाक्य एकच, सूर तोच, दरवेळी. त्यात कारण जोडू नये. कारण जोडलं की ते खोडून काढायला जागा होते. खोटं मात्र बोलू नये. रेकमेंड आहे असं एकदा सांगितलं की पुढच्या लग्नाच्या दिवशी मंदिराच्या दारात ते उघडं पडतं. मंदिरातला विधी फक्त परवानाधारकच पाहू शकतात. सख्ख्या बहिणीच्या लग्नाला बाहेरच्या हिरवळीवर बसून राहिलेले भाऊ या समाजात थोडेथोडके नाहीत. २०१९ पासून आधी नागरी विवाह करून लगोलग सील होण्याची सवलत अमेरिकेतही आल्यामुळे हा सल काहीसा कमी झाला आहे. बहिणीने ती सवलत घ्यावी, हे मात्र भावाने मागू नये. तिने आपणहून घेतली तर आनंदाने स्वीकारावी.

चर्चमधून रीतसर नाव काढून घेणं हे निराळंच पाऊल आहे. पुष्कळ जण नुसतं जाणं बंद करतात आणि नाव तसंच राहू देतात. कागद करून राजीनामा दिला तर पालकांच्या समजुतीप्रमाणे सीलचा धागाही तुटतो. ज्याला आत्मसन्मानासाठी ते करायचं आहे त्याने जरूर करावं. मात्र आत्याच्या चौकशीला चिडून, रागाच्या भरात, रात्री अकरा वाजता ते करू नये.

मुलांच्या बाबतीत मात्र माझा सूर इतका मवाळ राहत नाही. मोठ्यांकडून उत्तर मिळेनासं झालं की चौकशी नातवंडांकडे वळते. ‘तुझे बाबा घरी प्रार्थना घेतात का गं?’ असं सात वर्षांच्या मुलीला आजीने मांडीवर बसवून विचारलं तर त्याला प्रेम म्हणून सोडून देता येणार नाही, कारण त्या पोरीला बापाविरुद्ध साक्षीला उभं केलेलं असतं. तिथे आजीला बाजूला घेऊन त्याच दिवशी, आवाज न चढवता पण स्पष्ट सांगायला हवं की असे प्रश्न मला विचार, तिला नाही, आणि पुन्हा झालं तर काही दिवस मुलं एकटी राहायला येणार नाहीत. मुलांचा आठवा वाढदिवस जवळ येत असेल तर बाप्तिस्म्याचं काय करायचं, हे नवरा-बायकोने सातव्या वर्षीच आपसात ठरवावं. जोडीदार अजून श्रद्धाळू असेल तर ही बोलणी सोपी नसतात. बाप्तिस्मा द्यायचा तो बापाने की आजोबांनी, इथपासून वाद होतात. पण त्या दोघांचं ठरलेलं नसताना आजोबांनी चर्चमध्ये तारीख घेऊन ठेवली, तर तो वाद सासर-माहेरच्या पंचवीस माणसांसमोर मिटवावा लागतो, आणि तोवर मुलीने शाळेत मैत्रिणींना तारीख सांगितलेली असते.