अवधूतांचा कपोत आणि टिळकांची पक्षिणी

आज मार्गशीर्ष पौर्णिमा, श्रीदत्तजयंती. सायंकाळी घरोघरी दत्तजन्माचा पाळणा हलेल, गुरुचरित्राच्या सप्ताहाची सांगता होईल, सुंठवडा वाटला जाईल. ज्या दैवताच्या पाठीशी गाय उभी आणि पायाशी चार श्वान बसलेले, त्या दैवताचा हा दिवस. श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात यदुराजाला भेटलेला अवधूत आपल्या चोवीस गुरूंची गणना करतो. परंपरेने आपण त्या अवधूतास दत्तात्रेयच मानतो. त्या चोवीसांत सूर्यचंद्र आहेत, पृथ्वी आहे, पिंगला आहे. पण तब्बल अकरा गुरू पशुपक्षी आणि कीटक यांच्या जातीचे आहेत. कपोत, अजगर, पतंग, मधमाशी, हत्ती, हरीण, मासा, टिटवीसारखा आक्रोश करणारा कुरर, सर्प, कोळी आणि कुंभारीण माशी. नाथमहाराजांनी काशीक्षेत्री 1573 साली पूर्ण केलेल्या भागवतात या एकेका गुरूचा जो विस्तार केला आहे, तो वाचावा आणि थक्क व्हावे.

यांतील कपोताचे आख्यान आम्ही रामटेकास आणि अन्यत्र गेली कित्येक वर्षे कीर्तनात लावीत आलो आहोत. पारव्याचे जोडपे, त्यांचे घरटे, पिल्लांचे ते कोवळे बोल. आईबाप चारा आणावयास गेलेले असताना पारधी जाळे पसरतो, पिल्ले सापडतात. कपोती आक्रंदत येते आणि स्वतःच जाळ्यात शिरते. कपोत विलाप करतो, आता रिकाम्या घरात जगून काय करू म्हणतो, आणि त्याच जाळ्यात उडी घेतो. पाखरांचे हे वर्तन भागवतकारांनी डोळसपणे पाहिले होते यात शंका नाही. पारव्याच्या जातीत पिल्लांना नर आणि मादी दोघेही भरवितात, आरंभीचे काही दिवस तर दोघांच्याही गळ्याखालच्या पिशवीत तयार होणारा दुधासारखा रस पिल्लांच्या मुखी घालतात, हे आजचे प्राणिशास्त्रही सांगते. कीर्तनात इथे श्रोत्यांचे डोळे भरून येतात. मग आम्ही आसक्तीचा दोष सांगतो आणि पुढच्या गुरूकडे वळतो. पारध्याविषयी मात्र कोणी विचारीत नाही. मूळ संहितेत त्याला एकच विशेषण आहे, 'क्रूर'. हा क्रूर पुरुष आपला कार्यभाग साधून घरी जातो, आणि आख्यान संपते.

त्या एका विशेषणापाशी थांबलेला एक कवी या नागपुरात राहून गेला. आम्ही रेव्हरंड नारायण वामन टिळकांविषयी बोलत आहो. दत्तजयंतीच्या पानावर ख्रिस्ती धर्म स्वीकारलेल्या माणसाचे नाव कशाला, असे कोणा वृद्ध वाचकास वाटेल. त्यांनी थोडे पुढे वाचावे.

टिळकांचा जन्म 6 डिसेंबर 1861 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी, चित्पावन ब्राह्मण कुळात झाला. आई लहानपणीच निवर्तली, वडील तापट. मातृप्रेमाची भूक या माणसास जन्मभर पुरली. संस्कृतावर उत्तम अधिकार असल्यामुळे 1891 च्या सुमारास ते नागपुरास आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांच्या संपादनास लागले. पुढे नोकरीच्या शोधात नागपुराहून राजनांदगावास जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांच्या हाती 'नवा करार' ठेवला. त्यातील डोंगरावरच्या प्रवचनाने त्यांना धरून ठेविले, आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

त्या प्रवचनात येशू श्रोत्यांस आकाशातील पाखरांकडे पाहावयास सांगतो. ती पेरीत नाहीत, कापीत नाहीत, कोठारे भरीत नाहीत, तरी त्यांचा पिता त्यांना खाऊ घालतो. अवधूताचा अजगर ज्याने मुखी लावून घेतला आहे, त्याला हे बोल परके कसे वाटावेत? अयाचित जे येईल त्यावर राहावे, हाच अजगराचा पाठ. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो असे टिळक म्हणत असत. त्या पुलाखाली भागवताचे पाणीही वाहत होते, असे आमचे मत आहे. ख्रिस्ताने आणखी एका ठिकाणी चिमणीचा दाखला दिला आहे. कवडीमोलाने विकली जाणारी चिमणीदेखील पित्यास नकळत भूमीवर पडत नाही. ती पडणारच नाही, असे मात्र तेथे म्हटलेले नाही. ती पडते, पडताना तिच्याकडे कोणाचे तरी लक्ष असते, एवढेच वचन.

टिळकांची 'केवढे हे क्रौर्य!' ही कविता पिढ्यान्‌पिढ्या शाळेच्या पुस्तकातून मराठी मुलांनी पाठ केली. माणसाने घायाळ केलेली एक पक्षिणी पडत, उठत घरट्याशी येते. रक्त गळते आहे, डोळ्यांवर झापड आहे, पण चोचीत पिल्लांसाठी अखेरचा घास आहे. तो ती भरविते, अनाथ होणाऱ्या लेकरांना प्रभू पित्याच्या हवाली करते, आणि आपल्या रक्ताने पिल्लांची शेज भिजू नये म्हणून झाडाखाली उतरून भुईवर प्राण सोडते. रक्ताने घरटे भिजू नये! ज्याला स्वतःची आई फार दिवस लाभली नाही, त्यालाच हे सुचावे.

संस्कृतज्ञांस येथे श्रीहर्षाच्या नैषधातील हंस आठवल्यावाचून राहणार नाही. नलाच्या हाती सापडलेला तो हंस आपली म्हातारी आई आणि नुकतीच प्रसवलेली भार्या यांच्यासाठी विलाप करतो. नल द्रवतो आणि त्याला सोडून देतो. टिळकांच्या पक्षिणीला असा नल भेटत नाही. ती माणसाशी एक शब्दही बोलत नाही. जे बोलावयाचे ते पिल्लांशी आणि देवाशी. आम्हांस वाटते, कवितेतील सर्वांत कठोर गोष्ट हीच आहे. वाल्मीकींनी क्रौंचाचा वध पाहिला तेव्हा निषादास शाप तरी दिला, आणि त्या शोकातून श्लोक जन्मला. येथे पक्षिणी शापही देत नाही. कवीने भागवतातले ते एकटे विशेषण उचलले आणि तेच कवितेच्या माथ्यावर लिहिले.

आता टिळकांच्याच घरट्याकडे पाहू, कारण त्यांचा गौरव करताना हे झाकणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. बाप्तिस्म्याच्या वेळी त्यांची पत्नी लक्ष्मीबाई तरुणच होती आणि मुलगा जेमतेम चार वर्षांचा. मुलाचे नाव, वाचकहो, दत्तू. ज्या वडिलांच्या घरी सोवळ्याओवळ्याचे अतिरेकी कर्मकांड, तेथे वाढलेल्या या बाईवर नवरा बाटल्याच्या वार्तेने काय कोसळले असेल? ते तिनेच 'स्मृतिचित्रे'त सांगून ठेविले आहे. 1934 पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या त्या आत्मचरित्रात रडता रडता हसविण्याचे जे सामर्थ्य आहे, त्यास मराठीत तोड नाही. ज्या घरी ते नसेल त्यांनी ते आणावे. सुमारे पाच वर्षे ही उभयता वेगळी राहिली. पक्षिणीचा अखेरचा घास ज्याला दिसला, त्याला स्वतःच्या दत्तूची भूक दिसली नव्हती काय? दिसली होती. पत्नीने परत यावे म्हणून या माणसाने किती तळमळ केली, हे स्मृतिचित्रांच्या पानापानांवर आहे. पण सत्य म्हणून जे वाटले ते सोडवेना आणि संसारही सोडवेना, या कात्रीत तो सापडला होता. अवधूताने त्यास आसक्त कपोत म्हटले असते की विरक्त? आम्हांस उत्तर देता येत नाही. लक्ष्मीबाईंचा निर्णय आम्हांस अधिक मोठा वाटतो. त्या प्रथम पतीकडे आल्या त्या आपला धर्म, आपली चूल आणि आपले पाणी वेगळे ठेवून. पुढे आपल्या विचाराने जातिभेद टाकिला, आणि 1900 साली बाप्तिस्मा घेतला. 1919 च्या मे महिन्यात टिळक वारले तेव्हा त्यांचे 'ख्रिस्तायन' अपुरे होते. विवाहाच्या वेळी निरक्षर असलेल्या याच बाईने ते पुढे नेऊन पूर्ण केले.

धर्मांतराचा पुरस्कार आम्ही करीत नाही. आमची निष्ठा जेथे आहे तेथेच आहे. आमचे म्हणणे कपोताविषयी आहे. आसक्ती सोड, हा उपदेश घरट्यात बसलेल्यासाठी आहे. तो साधकाने स्वतःस करावयाचा. जाळे हाती असलेल्याने, किंवा जाळ्याकडे बघत उभे राहिलेल्याने, 'पाखरू आसक्तीने मेले' असे म्हणावयाचे नाही. हे आमच्याच शास्त्रात आहे. महाभारताच्या शांतिपर्वात भीष्म युधिष्ठिरास दुसऱ्या एका कपोताची कथा सांगतात. तेथे पिंजऱ्यात अडकलेली कपोती पतीला सांगते की हा पारधी थंडीवाऱ्याने गांजून आपल्या झाडाखाली आला आहे, तो आपला अतिथी होय. कपोत त्याच्यासाठी अग्नी आणवितो आणि भक्ष्य म्हणून त्या अग्नीत स्वतःची आहुती देतो. ते पाहून पारधी पिंजरा उघडतो, काठी आणि जाळे टाकून देतो. एकच पक्षी भागवतात संसाराचा दोष सांगतो, भारतात संसाराचे वैभव. पुराणिकांनी पहिली कथा गावोगाव नेली. दुसरी मागे राहिली.

हे सारे आजच सांगण्याचे कारण पंचांगात आहे. दत्तजयंती झाली की संक्रांत फार दूर राहत नाही. नागपुरास संक्रांत म्हणजे गच्चीगच्चीवर पतंग आणि 'ओ काट'चा गजर. त्यास आमची हरकत नाही. पतंग हा निर्मळ खेळ आहे. हरकत आहे ती नायलॉनच्या मांजाला. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 2017 साली त्यावर देशभर बंदी घातली. नागपूर खंडपीठापुढेही हा विषय वारंवार आला. तरी चक्री मिळते, कारण घेणारे आहेत. सुती दोरा उन्हापावसात कुजून तुटतो. हा तुटत नाही आणि कुजतही नाही. पाखरे पहाटे घरट्यातून निघतात आणि तिन्हीसांजेस परततात. नेमके तेव्हाच आकाश पतंगांनी भरलेले असते. पंख कापला गेलेले पारवे, घारी, बगळे वनविभागाच्या सेमिनरी हिल्सवरील उपचार केंद्रात नेले जातात. ज्या टेकडीला ख्रिस्ती पाद्र्यांच्या विद्यालयावरून नाव पडले, तेथे हे केंद्र असावे, हा योगायोग टिळकांना आवडला असता. सण संपल्यावरही झाडांत गुंतलेला दोरा महिनोन्‌महिने जीव घेत राहतो. पारव्यांना तर बारमाही पिल्ले असतात.

ज्या घरात आज दत्तमूर्तीपुढे समई लागेल, त्याच घरातील मूल महिन्याभराने चक्री मागेल. पैसे वडील देतील. दुकानात दोरा हातात घेऊन ताणून पाहावा. तुटेना तर तो तसाच दुकानदारापुढे ठेवावा, आणि मुलाला साधा सुती मांजा घेऊन द्यावा. त्याची पतंग कदाचित लवकर कटेल. मूल हिरमुसले तर त्या रात्री त्याला शांतिपर्वातली कपोताची गोष्ट सांगता येईल. ती फार लांब नाही, तासाभरात होते.