समीकरण सुटते, पाणी सुटले तर?

अभियांत्रिकीचा विद्यार्थी अवकल समीकरणाचे उदाहरण पाच मिनिटांत सोडवितो आणि पैकीच्या पैकी गुण घेतो. त्यालाच विचारा : एक लाख क्युसेकने चोवीस तास विसर्ग चालू राहिला, तर धरणातून किती पाणी गेले? तो घुटमळला तर आम्हांस नवल वाटणार नाही. वस्तुतः हा साधा गुणाकार आहे, उत्तर 8.64 टीएमसी. पण पाण्याचे गणित त्याला शिकविले कोणी?

12 जुलै 1961 रोजी पानशेत फुटले, पाठोपाठ खडकवासला फुटले आणि पुणे बुडाले. ऑगस्ट 2019 मध्ये सांगली व कोल्हापूर पाण्याने वेढली असता अलमट्टीच्या विसर्गावरून दोन राज्यांत वाद माजला. कृष्णा सीमा जाणत नाही. असले वाद घोषणांनी मिटत नाहीत; त्यांना आकडेच लागतात.

धरणाचे गणित एका वाक्याचे आहे : साठा वाढण्याचा वेग म्हणजे येणारे पाणी वजा जाणारे पाणी. परंतु मुक्त सांडव्यावर पाण्याची उंची दुप्पट झाली की विसर्ग दुप्पट नव्हे, सुमारे 2.8 पट होतो. येणारा पूर तर कोणत्याच सूत्रात बसत नाही. तेव्हा तासातासाचे आकडे घेऊन पायरीपायरीने उत्तर काढावे लागते. सूत्र कशासाठी, त्यात गृहीत काय धरले आणि उत्तर किती चुकू शकेल, हे विद्यार्थ्यास येथेच उमगते.

यावर काही प्राध्यापक म्हणतील, अशाने सिद्धांताचा पाया कच्चा राहील. आम्हांस हे मान्य नाही. तहान लागलेल्यालाच विहिरीची खोली मोजाविशी वाटते. सिद्धांत वगळा असे आम्ही म्हणत नाही. प्रश्न आधी आणि सिद्धांत त्यामागून येऊ द्या, एवढेच आमचे म्हणणे आहे. मात्र परीक्षेत जुनीच ठरीव उदाहरणे येत राहिली, तर वर्गातील सुधारणा वाऱ्यावर जाईल. प्रश्नपत्रिकेत एक तरी प्रश्न खऱ्या नदीचा, खऱ्या आकड्यांचा असलाच पाहिजे.

बेळगावचे तंत्रशास्त्र विद्यापीठ ज्या विश्वेश्वरय्यांचे नाव मिरविते, ते पुण्यात शिकले आणि खडकवासल्यासाठी त्यांनी आपोआप उघडणारे दरवाजे योजिले. त्यांची विद्या पाण्याकाठी कसास लागली. आमच्या मुलांची विद्या फळ्यावरच का पुसली जावी?