सावकाराची गोड जीभ आणि आपली खाली घातलेली मान

शेतकरी बंधूंनो, खर्ड्याच्या लढाईची गोष्ट आपल्याकडं पोरासोरांनाही ठाऊक आहे. 11 मार्च 1795 ला लढाई झाली आणि त्याच रात्री निजामअली घाबरून खर्ड्याच्या किल्ल्यात शिरला. त्याच्या फौजेची वाताहत झाली ती रात्रीच्या घबराटीनं. आज तशीच घबराट कित्येक घरांत दिसते. फरक एवढाच की समोर फौज नाही, एकटा सावकार आहे, आणि तोही बिनपरवान्याचा!

हा माणूस दरडावत नाही हो. "तू मला सख्ख्या भावासारखा, कागद कशाला पाहिजे?" म्हणून पैसे देतो आणि पावती कधीच देत नाही. तारण म्हणून "नावापुरतं" खरेदीखत करून घेतो. पुढं चार माणसांत, लग्नाच्या मांडवात हळूच म्हणतो, "मी होतो म्हणून याच्या पोरीचं लगीन झालं." तुम्ही मान खाली घालता. हप्ता दिल्याची आठवण करून दिली की तो हसतो, "तुझा काहीतरी घोटाळा होतोय, दादा." दोनचारदा असं झालं की तुम्हालाच वाटू लागतं, आपलंच चुकत असेल. इथंच माणूस संपतो. रान जातं ते नंतर.

देणं फेडायलाच पाहिजे, त्यात दुमत नाही. पण किती? 50,000 रुपये, शेकडा 5 रुपये महिना. महिन्याला 2,500 व्याज, म्हणजे 20 महिन्यांत व्याजच मुद्दलाएवढं झालं. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 म्हणतो की मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. हा दामदुपटीचा नियम आपल्या आज्या-पणज्यांनाही माहीत होता. वसुलीसाठी ऋणकोच्या मागं मागं फिरणं, घरापाशी घुटमळत राहणं हासुद्धा कायद्यानं गुन्हा आहे. बिनपरवाना सावकारी तर गुन्हा आहेच.

आपल्या भागानं हे सोसलंही आहे आणि त्याला तोंडही दिलं आहे. मे 1875 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला उठाव झाला, तो नगर जिल्ह्यातही पसरला. लोकांनी सावकारांचे कर्जरोखे, दस्त हिसकावून जाळले. जिवाला मारण्यापेक्षा कागद हाती घेण्याकडं त्यांचा ओढा होता. लुबाडणूक कागदात आहे हे त्या अडाणी म्हटल्या गेलेल्या माणसांनी बरोबर ओळखलं होतं. 1879 मध्ये सरकारला दख्खन शेतकरी साहाय्य कायदा करावा लागला.

आता कागद जाळायचे नाहीत, तयार करायचे. साधी शाळेची वही घ्या. पैसे कधी घेतले, कधी दिले, कोण हजर होतं ते त्याच दिवशी लिहा. पैसे शक्यतो बँकेतून द्या. सावकाराकडं एकटं जाऊ नका. घरच्या बाईला बरोबर न्या, तिला हिशोब आपल्यापेक्षा चांगला आठवतो. तो गोड बोलो नाहीतर डोळे वटारो, आपलं उत्तर एकच ठेवा: "हिशोब लिहून द्या." कारणं सांगत बसू नका, रडू नका, भांडू तर मुळीच नका. भांडण झालं की तुम्हीच वाईट, हे त्याला पक्कं माहीत असतं. अवैध सावकारीची तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकाकडं लेखी करा आणि पोच घ्या. सावकारीत गेलेली जमीन चौकशीअंती परत मिळण्याची तरतूद याच कायद्यात आहे.

आता गावकामगार मंडळींना. तलाठी भाऊसाहेब, तुमचं पद आता ग्राम महसूल अधिकारी झालं असलं तरी फेरफार तुमच्याच हातून होतो. नोटीस चावडीवर डकवली, काम संपलं, असं करू नका. ज्याचं रान चाललंय त्याला गाठा आणि सांगा, 15 दिवसांत हरकत देता येते. त्यानं दिली तर तक्रारी नोंदवहीत घ्या, पोच द्या. "कशाला वाकडं घेतोस त्याच्याशी" हे वाक्य मात्र तुमच्या तोंडून नको. सावकार ते फुकटात म्हणवून घेतो, आणि शेतकरी तिथूनच माघारी फिरतो.