फांद्या तोडल्या, पण न्यायच्या कशातून?

पावसाळ्याआधीच्या वृक्षछाटणीची निविदा निघते तेव्हा झाडे किती, माणसे किती, करवती किती, उंचावर पोहोचणारी गाडी आहे की नाही, हे सारे विचारले जाते. तोडलेले लाकूड ज्यातून न्यायचे त्या वाहनापाशी मात्र बहुधा ‘ट्रक किंवा टेम्पो’ एवढ्या शब्दांवर भागवले जाते. मग मे महिन्यात फुटपाथवर फांद्यांचे ढीग पडून राहतात आणि पहिल्या पावसात त्यांचा पाला गटाराच्या जाळीवर जाऊन बसतो. झाडे तोडण्या-छाटण्याला परवानगी, वृक्ष प्राधिकरण, वृक्षगणना यांसाठी राज्यात १९७५ पासून स्वतंत्र कायदा आहे. कुऱ्हाड चालवण्याआधीचा इतका विचार आपण केला, पण ती चालल्यानंतरचा नाही. झाडांच्या कामाचा टिपर मुद्दाम त्या कामासाठी बांधून घ्यावा आणि त्याच्या देखभालीचा खर्च छाटणीच्या दरातच धरावा, असे माझे ठाम मत आहे.

याचे कारण मालाच्या स्वभावात आहे. खडी किंवा वाळू वाहणाऱ्या गाडीला एकाच प्रकारचा भार माहीत असतो. झाडाच्या कामात एकाच दिवशी दोन टोकांचे भार येतात. डहाळ्यांचा ढीग म्हणजे निम्म्याहून अधिक हवा. बारा घनमीटरचा हौदा त्यांनी शिगोशीग भरला तरी वजन जेमतेम दीड-दोन टन भरते. त्याच हौद्यात पर्जन्यवृक्षाचे ताजे ओंडके टाकले, तर मधल्या फटी धरूनही ते सहा टनांपुढे जातात, आणि साडेसात टन एकूण वजनाच्या गाडीची वाहण्याची ताकद साधारण चार टनांची असते. म्हणजे सकाळी ही गाडी वजनाने अर्धी रिकामी धावते आणि दुपारी पाटे बसेपर्यंत लादली जाते. फांद्या बाहेर लोंबत नेण्याची सवयही इथूनच लागते, कारण बाजूचे फाळके बुटके असतात आणि फेऱ्या वाचवायच्या असतात. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर हौद्याबाहेर आलेल्या भाराला वीस हजार रुपये दंड आहे, जादा वजनाला वीस हजार आणि वरच्या प्रत्येक टनामागे दोन हजार. तरीही मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या तोंडावर फांदी यायची थांबलेली नाही. उपाय हौद्याच्या बांधणीत आहे: ओंडक्यांचा मार सोसणारा जाड तळ, वर उंच पण हलक्या पत्र्याच्या बाजू आणि आतून ‘इथपर्यंतच ओंडके’ अशी रंगवलेली रेघ. बाजूही तळाइतक्याच जाड केल्या तर हौद्याचेच वजन वाढते आणि तेवढा माल कमी न्यावा लागतो. नुसती जाळी लावली तर फांद्या बारीक करणाऱ्या चिपर यंत्रातून निघालेला चुरा रस्ताभर सांडतो.

माल उतरवताना खरी परीक्षा होते. वाळू हौदा थोडा उचलला की घसरू लागते, फांद्या मात्र एकमेकींत गुंतून बसतात. आत उभ्या पट्ट्या किंवा बोल्टची डोकी असली की फांदी तिथे अडकते, हौदा पूर्ण वर जातो आणि सगळा भार वरच्या टोकाला लटकून राहतो. म्हणून आतला पत्रा सपाट हवा, हौदा मागच्या बाजूला किंचित रुंद हवा आणि फाळका पूर्ण उघडणारा हवा. मागच्या बिजागरीकडे तर गाडी थांबली की रोज पाहिले पाहिजे. दोन जाड पिना उचललेल्या हौद्याचा भार पेलतात. ग्रीसच्या निपलवर लाकडाचा भुसा आणि चिखल मिळून कडक खपली धरते, ग्रीस आत जातच नाही, पिन कोरडी घासते आणि तिचे भोक हळूहळू लांबट होते. मग हौदा वर जाताना एका बाजूला कलतो, अडकलेल्या फांद्या त्याच बाजूला ओढतात आणि उतरत्या जमिनीवर गाडी कुशीवर पडते. दुसरा धोका हौद्याखाली काम करणाऱ्याला. उचललेला हौदा केवळ जॅकमधल्या तेलाच्या दाबावर उभा असतो; होज फुटला किंवा कुणाचा हात लिव्हरला लागला की तो खाली येतो. लोखंडी टेकू लावल्याशिवाय खाली कुणी वाकायचे नाही, हा नियम गॅरेजच्या भिंतीवर नव्हे, हौद्याच्या खालच्या बाजूला मोठ्या अक्षरांत लिहिलेला असावा, आणि टेकू गाडीलाच कायमचा जोडलेला असावा. झाडांचे काम विजेच्या तारांखाली चालते, म्हणून हौदा वर आहे हे केबिनमध्ये सांगणारा बझरही हवा.

देखभालीतली सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे गंज. ओल्या लाकडात आम्ल असते, काही सालींत टॅनिन असते. बाभळीची साल चामडे कमावायला वापरतात ती त्याचमुळे, आणि तोच रस लोखंडाला लागला की काळा डाग पडतो. भुसा कोपऱ्यात ओल धरून ठेवतो आणि तळ व बाजू जिथे जोडल्या जातात तिथेच पत्रा आतून खाल्ला जातो. मुंबई-कोकणात त्यावर खारी हवा. कोपऱ्यांत पाणी निघायला भोके ठेवणे आणि दिवसअखेर हौदा धुणे एवढ्याने गाडीचे आयुष्य वाढते. पण ठेक्यात धुण्याला दर नसेल तर धुणार कोण?

यावर पहिला आक्षेप असा की दोन महिन्यांच्या कामासाठी वेगळी गाडी परवडत नाही. पण काम दोन महिन्यांचे नाहीच. फेब्रुवारीपासून पानगळीचा पाला, पावसाळ्यात उन्मळलेली झाडे, वर्षभर धोकादायक फांद्या. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळाने रायगड किनाऱ्यावर नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या, आणि १७ मे २०२१ ला तौक्तेच्या वाऱ्याने मुंबईत झाडे रस्त्यावर पाडली. अशा दिवशी करवत काही मिनिटांत बुंधा तोडते, पण लाकूड उचलले गेल्याशिवाय रुग्णवाहिकेला वाट मिळत नाही. ज्या लहान नगरपरिषदेला तरीही गाडी जड जाईल, तिने एकाच चासीवर चढवता-उतरवता येणारे दोन हौदे घ्यावेत, एक लाकडाचा आणि एक कचऱ्याचा. त्यात चासी आणि चालक एकच लागतात.

दुसरा आक्षेप आपल्याकडे असे काम करणारे कारागीर नाहीत हा. तो मला पटत नाही. उसाच्या ट्रॉल्या बांधणारे वेल्डर सांगली-कोल्हापूरपासून अहिल्यानगरपर्यंत गावोगाव आहेत, जड मालाचे पत्रे आणि चॅनेल त्यांच्या हाताखालून रोज जातात. उणीव आराखड्याची आणि तपासणीची आहे. ट्रकच्या हौद्यांसाठी देशात एआयएस-०९३ हे मानक आहे. त्याप्रमाणे बांधा, चासीच्या कडेला भोक पाडू नका, तिला वेल्डिंग लावू नका, यू-बोल्टने जोडा, एवढे निविदेत लिहिले की कारागीर ते करतो. छोट्या गावांत टिपरऐवजी ट्रॅक्टर-ट्रॉलीच वापरली जाते, आणि तिथे जास्त जपायला हवे. दोन चाकांच्या ट्रॉलीत ओंडके मागे रचले की पुढचा हूक वर उचलला जातो आणि ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची पकड सुटते. ब्रेक नसलेल्या ट्रॉलीचा सगळा रेटा उतारावर ट्रॅक्टरवर येतो आणि तो आडवा फिरतो. घाटाखालच्या नगरपंचायतींनी निदान ब्रेक असलेल्या ट्रॉलीचीच अट घालावी, आणि छाटणीचे कार्यादेश देण्यापूर्वी, मार्चमध्ये, प्रत्येक गाडीच्या पिना, होज, टेकू आणि फाळक्याची तपासणी यांत्रिकी अभियंत्याच्या सहीने करून घ्यावी. सही नसलेल्या गाडीचे बिल निघू नये.