अन्ननलिकेचं ऑपरेशन : घाई कशाची करावी?

एन्डोस्कोपीत अन्ननलिकेचा कर्करोग निघाला की नातेवाइकांचा पहिला आग्रह असतो, "डॉक्टर, गाठ लगेच काढून टाका. जवळचं एखादं हॉस्पिटल सांगा." भावना समजते. पण या आजारात 'जवळचं' आणि 'लगेच' हे दोन्ही निकष चुकीचे आहेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

यात नुसती गाठ काढत नाहीत. अन्ननलिकेचा मोठा भाग आणि आजूबाजूच्या लसिकाग्रंथी काढतात, मग बहुतेक वेळा जठराची नळी करून ती वर छातीत किंवा मानेपर्यंत ओढतात आणि उरलेल्या अन्ननलिकेला जोडतात. हा जोड गळला किंवा न्यूमोनिया झाला, तर जिवावर बेतू शकतं. अमेरिकेतल्या वृद्ध रुग्णांचा एक मोठा अभ्यास 2002 साली प्रसिद्ध झाला. हे ऑपरेशन क्वचित करणाऱ्या रुग्णालयांत सुमारे 20 टक्के रुग्ण दगावले होते, सर्वाधिक करणाऱ्यांत सुमारे 8 टक्के. आकडे जुने आहेत, पण फरक बघा! म्हणून "वर्षाला अशी किती ऑपरेशनं करता?" हे सर्जनला बिनदिक्कत विचारा. चांगला सर्जन रागावत नाही. दुर्बिणीने की छाती उघडून, हा प्रश्न त्यानंतरचा. दुर्बिणीच्या पद्धतीत फुप्फुसाचा संसर्ग कमी होतो हे खरं, पण हात सरावलेला हवा.

"आधी केमो-रेडिएशन सांगितलं, म्हणजे वेळ घालवताहेत," हा दुसरा गैरसमज. गाठ खोलवर गेलेली, पण आजार दूर पसरलेला नसेल, तर बहुधा हाच क्रम असतो. नेदरलँड्समधल्या 'क्रॉस' चाचणीत (2012) थेट ऑपरेशन झालेल्यांपैकी निम्मे रुग्ण 24 महिन्यांपलीकडे जगले. आधी पाच आठवडे केमो-रेडिएशन घेतलेल्यांत हाच काळ 49 महिने होता.

अगदी वरच्या थरातली गाठ एन्डोस्कोपीतूनच काढता येते. उलट, आजार यकृतात किंवा फुप्फुसात पोचला असेल तर सहसा ऑपरेशन करत नाहीत. केमो देतात, आणि घास उतरावा म्हणून स्टेंट किंवा रेडिएशन. "ऑपरेशन नाही म्हणाले, म्हणजे हात टेकले," असं समजू नका.

घाई करायचीच तर तंबाखू-गुटखा सोडण्याची करा, तोही आजच. रोज चाला, तीन चेंडूंच्या यंत्राने श्वासाचा व्यायाम करा. आणि घास उतरत नसेल तर निव्वळ चहा-पेजेवर दिवस काढू नका. वजन घसरण्याआधीच नळीवाटे आहाराबद्दल डॉक्टरांशी बोला.